पावणेपंधरा दिवसांचा पंधरवडा

समुद्रात मासे किती, हे आजवर कुणीही मोजलेलं नाही. तरीही त्याच कामाचा पगार मी निवृत्त होईपर्यंत सही करून घेतला, आणि त्याची मला बिलकूल लाज वाटत नाही. कागदोपत्री माझं पद सांख्यिकी सहायक. नवापूरच्या कोळणी मला ‘मोजनीची बाय’ म्हणायच्या. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, ‘आमची सून सरकारी कचेरीत आहे.’ कसली कचेरी, हे त्या कधी सांगत नसत, कारण आमच्या घरात मासळीचं नावही निघत नसे.

मी मूळची परभणीची. यांना बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर इकडे आले. संख्याशास्त्राची पदवी होती, ती ट्रंकेत साड्यांच्या खाली पडून होती. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. पालघरच्या एका कार्यालयात जागा निघाली, मी अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, ‘समुद्र पाहिलाय का?’ मी खरं ते सांगितलं, ‘हो, गेल्या रविवारी.’ सगळे हसले आणि मला घेतलं. माझ्या हुशारीमुळे घेतलं असं बरीच वर्षं वाटायचं. नंतर कळलं की त्या जागेसाठी दुसरा अर्जच आला नव्हता.

काम तसं साधं. समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, म्हणून किनाऱ्यावर उभं राहायचं. किती होड्या गेल्या, किती आल्या ते लिहायचं. त्यातल्या चार-पाच होड्या निवडायच्या, त्यांच्या पाट्या मोजायच्या, एक पाटी काट्यावर घालायची आणि बाकीचा गुणाकार. हे करताना साडीचा काठ ओला होतो, केसांना वास लागतो आणि बसमध्ये शेजारची सीट आपोआप रिकामी होते. हे शेवटचं मला आवडायचं.

एकदा आमचे साहेब कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि आल्याबरोबर त्यांनी फळ्यावर तीन वर्तुळं काढली. एक समुद्र, एक होड्या, एक बाजार. मध्ये बाण. भाव चढला की होड्या जास्त फेऱ्या मारतात, फेऱ्या वाढल्या की समुद्रात मासा कमी होतो, मासा कमी झाला की भाव आणखी चढतो, आणि चक्र असंच फिरत राहतं. प्रत्येक बाणावर एक आकडा लिहायचा आणि कॅल्क्युलेटरवर एकेक महिना पुढे सरकत जायचं. पाच वर्षांनी काय होईल ते दिसतं. याला मॉडेल म्हणतात. साहेब म्हणाले, ‘आकडे तुम्ही आणायचे.’ मी आनंदाने हो म्हटलं. तीन वर्तुळं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं वाटलं होतं.

पहिला धडा दिला जमनाबायने. नवापूरची ही कोळीण तेव्हा पन्नाशीची असेल. डोक्यावर पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. आवाज असा की तिने भाव सांगितला की पलीकडचा भाजीवालाही दचकायचा. तिच्या पाटीत कधीकधी पाला असायचा. पाला म्हणजे नदीच्या तोंडाशी येणारा, चवीचा पण काट्यांनी भरलेला मासा. आपली मंडळी काट्याला भिऊन तो घेत नसत. एक दिवस कारखान्याच्या कॉलनीतली एक बंगाली बाई आली, खाली वाकून तिने पाला हुंगला आणि डोळे मिटून उभीच राहिली.

जमनाबाय म्हणाली, ‘बाई, इसमें कांटा बहुत है. बाद में मेरेको बोलने का नाय.’

‘कांटा हम देख लेगा,’ बाई म्हणाली. ‘तुम मछली दो. पूरा दो.’

दुसऱ्या आठवड्यात ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. महिन्याभरात पाल्याचा भाव दुपटीवर गेला आणि जमनाबायचा दीर हरेश्वर तांडेल आपली होडी घेऊन खास पाल्याच्या मागे जायला लागला. मी ऑफिसात धावत जाऊन बाजाराच्या बाणावरचा आकडा बदलला. साहेबांनी चष्मा वर केला. ‘एका बाईमुळे?’

‘तीन बायका, साहेब. तिघी एकाच बिल्डिंगमधल्या.’

पुढच्या वर्षी त्यातल्या दोघींच्या नवऱ्यांच्या बदल्या झाल्या, भाव धाडकन खाली आला आणि मला तो आकडा परत खोडावा लागला. हरेश्वर बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. जणू बदल्या मीच केल्या होत्या.

दुसरा धडा कोंबड्यांचा. जवळा, म्हणजे ती नखाएवढी कोळंबी, वाळवून घरोघरी खातात. मनोरच्या बाजूला कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि खाद्यात घालायला वाळका जवळा पोत्यांनी जायला लागला. होड्यांनी बारीक जाळी लावली, जवळा भरपूर आला, सगळे खूश. मीसुद्धा. माझ्या वर्तुळांत सगळं वाढत होतं.

मी जमनाबायला कौतुकाने तो कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण बाण कळत होते. तिने विचारलं, ‘यात बोंबील काय खातो ता कुठं लिवलंय?’

तिने पाटीतला एक बोंबील उचलला आणि कोयतीने पोट फाडून माझ्यासमोर धरला. आत जवळा. दुसरा फाडला, जवळा. तिसऱ्याच्या पोटात एक अख्खा छोटा बोंबील निघाला.

‘बग,’ ती म्हणाली. ‘जवला मिलाला नाय तर हा आपल्याच पोरांना खातो. तुजी कोंबडी जवला खाते, म्हंजे ती आमचा बोंबीलच खाते.’

त्या दिवशी माझ्या समुद्राच्या वर्तुळात आणखी दोन वर्तुळं आली आणि बोंबलाच्या वर्तुळातून एक बाण निघून त्याच वर्तुळात परत शिरला. साहेब त्या बाणाकडे बराच वेळ बघत राहिले. ते घरून डबा शाकाहारीच आणायचे, पण त्या दिवशी त्यांनी तोही पुरता खाल्ला नाही.

एवढं शिकल्यावर माणसाने सावध व्हावं. मी उलट फुशारले. मॉडेल आता माझं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी ते खऱ्या कामाला लागलं.

नवापूरला बर्फाचा कारखाना हवा होता. गावाने कितीतरी अर्ज केले होते. बोंबील हा मासा म्हणजे नुसतं पाणी. सकाळी आला की दुपारपर्यंत मऊ पडतो. थोडे बांबूंवर टांगून वाळवता येतात, पण एकदम जास्त आले तर बांबूही पुरत नाहीत आणि उन्हालाही वेळ नसतो. उरलेला मासा वाडीत झाडांच्या बुंध्यात, खत म्हणून. बर्फ असता तर तोच मासा दुसऱ्या दिवशीही ताजा बोईसरला, पालघरला गेला असता. जमनाबाय आणि तिच्यासारख्या पंचवीस-तीस बायकांचं सगळं घर या एका गोष्टीवर अडलं होतं. वरच्या कार्यालयाने विचारलं, पुढची दहा वर्षं तिथे बर्फाला पुरेल इतका मासा राहणार आहे का? साहेबांनी ते काम मला दिलं. मी तेव्हा हंगामी होते. ‘अहवाल नीट झाला तर कायम करण्याची शिफारस करीन,’ असंही ते म्हणाले.

ऑफिसची जीप मला एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी मिळायची. मधल्या मंगळवारी ती दुसऱ्यांकडे असे. म्हणून मी त्रिपुरी पौर्णिमेच्या जरा नंतरच्या मंगळवारी सुरुवात केली आणि होळीनंतरपर्यंत दर दुसऱ्या मंगळवारी, न चुकता, नवापूरच्या किनाऱ्यावर उभी राहिले. ताप असतानाही गेले. दहा फेऱ्या, दहा ठिपके. ठिपके जोडले तर रेघ जिन्यावरून उतरावी तशी खाली येत होती. पहिल्या फेरीला पाट्यांचे ढीग, शेवटच्या फेरीला बायका रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसलेल्या. कॅल्क्युलेटरवर पाच वर्षं पुढे गेले तर बोंबील जवळजवळ संपत होता. मी सुवाच्य अक्षरात निष्कर्ष लिहिला. मासळी वेगाने घटत आहे, सबब बर्फाच्या कारखान्याची शिफारस करता येत नाही.

अहवाल देण्याआधी मी जमनाबायला सांगायला गेले. तिला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. तीच दहावी फेरी होती. निष्कर्ष नऊ ठिपक्यांवरच लिहून झाला होता, दहावा मी तिथेच घातला. जमनाबाय रिकाम्या पाटीवर बसली होती, बाजूला हरेश्वर जाळं शिवत होता. मी सगळं सांगितलं. तो कागदही दाखवला.

जमनाबायने रेघेवरून बोट फिरवलं. रागावली नाही. हरेश्वरकडे बघून म्हणाली, ‘ऐकलंस? दर्या रिकामा झाला.’

हरेश्वर मान वर न करता म्हणाला, ‘आज तर झालाच हाय. आज भांग नाय का!’

‘भांग’ म्हणजे अष्टमी-दशमीच्या सुमाराची लहान भरती, हे मला माहीत होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जोरात चढतं-उतरतं, ते उधाण. हेही माहीत होतं. इथली बोंबलाची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, तोंड उघडं ठेवलेल्या मोठ्या पिशवीसारखी. ती माशाच्या मागे जात नाहीत, पाण्याची ओढ मासा आणून त्यांत घालते. ओढ नसेल तर जाळं लोंबतं. हेही मला पाठ होतं, परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळवले असते.

‘बाय,’ जमनाबाय म्हणाली, ‘तू परत कवा येनार?’

‘पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी.’

‘मंगलवार-बिंगलवार मेला खड्ड्यात. पाडवा झाला का बीजेला ये. सकालची ये.’

जीप नव्हतीच. मी रजा टाकली. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात आदल्या दिवशीचं श्रीखंड तसंच ठेवून, पहिल्या एसटीने नवापूरला गेले. फाट्यावर उतरले तेव्हाच वासावरून कळलं. किनाऱ्यावर बोंबलाचे ढीग होते, आणि मागून होड्या येतच होत्या. बायका ओरडत होत्या, पाट्या उचलत होत्या, बांबूंवर बोंबील टांगायला जागा उरली नव्हती. मी मोजायला लागले आणि मोजता मोजता रडकुंडीला आले, कारण दुपारी बारानंतर तोच मासा, तोच चांगला पांढराशुभ्र मासा, घमेल्यांनी उचलून नारळीच्या बुंध्यांत टाकायला सुरुवात झाली. जमनाबाय स्वतः टाकत होती. घमेलं रिकामं करून ती माझ्यासमोर उभी राहिली. हात कोपरापर्यंत माखलेले.

‘आता सांग,’ ती म्हणाली. ‘म्हावरं नाय का बरफ नाय?’

संध्याकाळी घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं आणि माझ्या डायरीतल्या दहा मंगळवारांपुढे तिथी लिहिल्या. पहिला मंगळवार, कार्तिक वद्य द्वितीया. भर उधाण. मग प्रतिपदा, मग पौर्णिमा-अमावास्येच्या घरात, मग चतुर्दशी, त्रयोदशी, द्वादशी... शेवटचा मंगळवार, फाल्गुन वद्य दशमी. ठार भांग. माझे दोन आठवडे चौदा दिवसांचे. चंद्राचा पंधरवडा जवळजवळ पावणेपंधरा दिवसांचा. प्रत्येक फेरीत मी पाऊण दिवसाने मागे घसरत होते, आणि दहा फेऱ्यांत उधाणावरून घसरत भांगात येऊन पडले होते. मासा थोडा कमी झालाही असेल, थंडी सरल्यावर होतोच. पण कागदावर जी रेघ खाली येत होती ती बहुतेक माझ्या जीपची होती. ज्या गावात लेकरूसुद्धा तिथी बघून पाण्यात पाय घालतं, तिथे मी चार महिने वार बघून गेले होते. मी हे यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले. मीही हसले. मग मला आठवलं की बीजेची वाट न बघता मी अहवाल सही करून दिला होता आणि तो साहेबांच्या टेबलावर आहे.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले. कायम होण्याची शिफारस त्याच फाईलमध्ये पिन लावून ठेवलेली दिसत होती. मी कॅलेंडर टेबलावर पसरलं आणि म्हटलं, ‘साहेब, अहवाल परत द्या. चुकलाय.’

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डायरी बघितली, कॅलेंडर बघितलं, परत डायरी बघितली. ‘म्हणजे,’ ते सावकाश म्हणाले, ‘गेले चार महिने सरकारी जीपने जाऊन तुम्ही चंद्र मोजत होतात.’

‘होय, साहेब.’

‘आणि डिझेल?’

‘लागलं, साहेब.’

त्यांनी पिन काढली. अहवाल माझ्याकडे सरकवला आणि शिफारस ड्रॉवरमध्ये ठेवली. ‘हे पुढच्या वर्षी बघू. मोजणी परत करा.’ मग म्हणाले, ‘फळ्यावर चंद्रसुद्धा काढायला हवा होता, नाही का? वर्तुळच आहे तेही.’ मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, दुसरा साहेब असता तर अहवाल पुढे पाठवून मोकळा झाला असता.

परत मोजणी करणं सोपं नव्हतं. जीपच्या मागणीच्या फॉर्मवर मी कारण लिहिलं, ‘शुद्ध तृतीया’. हिशेब शाखेने फॉर्म परत पाठवला, सरकारी वाहन धार्मिक कामासाठी मिळत नाही म्हणून. दोन वेळा समजावलं, उपयोग नाही. शेवटी साहेबांनी कुठून तरी बंदराचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक आणलं. त्यात तोच चंद्र होता, पण मीटरमध्ये. जीप ताबडतोब मिळाली.

पुढच्या हंगामात मी उधाणातही गेले आणि भांगातही, दोन्हींचे ठिपके वेगळे ठेवले. फॉर्मवर हाताने एक नवा रकाना आखला, ‘खतात गेलेली मासळी’. असा रकाना वरच्या कुठल्याच नमुन्यात नव्हता, कारण जी विकली गेली नाही ती मासळी आमच्या लेखी समुद्रातून आलेलीच नसे. त्या एका रकान्याने काम केलं. बर्फाचा कारखाना मंजूर झाला.

सगळं गोड झालं असं सांगून मी कुणाला फसवणार नाही. नव्या अहवालात मी एक परिच्छेद लिहिला होता, की बर्फ आला की भाव चढेल, भाव चढला की जाळी बारीक होतील, म्हणून जाळ्याच्या आसाला, म्हणजे भोकाच्या आकाराला, मर्यादा हवी. हा परिच्छेद वर कुठेतरी गळाला. बर्फ आला, जाळी बारीक झाली. नव्वद सालानंतर हरेश्वर मला तळहाताहून लहान पापलेटं दाखवायचा आणि म्हणायचा, ‘ह्याचा बान कुठं हाय तुज्या कागदावर?’ होता. मी तो पुन्हा लिहून पाठवायला हवा होता, दरवर्षी, कंटाळा येईपर्यंत. मी एकदाच लिहिला. तेवढं मला अजून खातं.

पण पहिल्या बर्फानंतरचं पहिलं उधाण मी कधी विसरणार नाही. भाताच्या तुसात झाकलेल्या लाद्या हातगाडीवरून किनाऱ्यावर येत होत्या. बायका मोगरीने बर्फ फोडत होत्या, पाटीत एक थर बोंबील, एक थर बर्फ. होड्या पाडव्याच्या बीजेला आल्या होत्या तितक्याच आल्या. बारा वाजले, एक वाजला. मी नारळीच्या वाडीकडे दोनदा जाऊन आले. घमेली भिंतीला टेकून उभी होती, कोरडी. टेम्पो बोईसरकडे निघून गेला. मग मी एका उपड्या पाटीवर बसले आणि फॉर्म भरायला घेतला. त्या शेवटच्या रकान्याशी माझं पेन थांबलं.

जमनाबाय मागे येऊन उभी राहिली. ‘काय लिवतंस?’

‘खतात किती गेलं ते.’

‘किती?’

‘शून्य.’

‘मग लिव ना. शून्याला यवढा येल?’

मी लिहिलं. तिने विचारलं, कुठचं ते? मी बोट ठेवून दाखवलं. ती वाकली, त्या एवढ्याशा गोलाकडे बघत राहिली आणि मग मी काही म्हणायच्या आत तिने आपला ओला, गार अंगठा त्याच्यावर दाबला. शाई पसरली, कागदाला खवला चिकटला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसायला लागलो, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले.

साहेबांनी तो फॉर्म ‘अस्वच्छ, पुन्हा लिहून आणावा’ असा शेरा मारून परत केला. मी दुसरा लिहून दिला. पहिला माझ्याकडेच आहे.